नळाचं पाणी, बोअरचं पाणी: जडपणा, खारेपणा आणि शुद्धता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णा नदीकाठच्या खाऱ्या भूजलाच्या भागातल्या घरात पाणी मागितलं की आधी उलटा प्रश्न येतो: "प्यायचं की वापरायचं?" दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा या बाजूच्या गावांत बऱ्याच घरी दोन पाणी असतात, नळाचं आणि बोअरचं. मी रसायनशास्त्र शिकवायचे. त्यामुळे कुणाच्या गिझरची कॉइल गेली किंवा कुणाची डाळ शिजली नाही, की फोन मला येतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

१. जड पाणी म्हणजे नेमकं काय? खारं पाणी आणि जड पाणी एकच ना?

एकच नाही. निम्मा गोंधळ इथेच होतो. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असले की ते जड. शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन' म्हणतात, कारण साबणाचा फेस होत नाही, नुसता पांढरा चोथा बादलीच्या कडेला चिकटतो. खारेपणा मुख्यतः सोडियम आणि क्लोराइडमुळे, म्हणजे साध्या मिठामुळे येतो. खारं कळतं जिभेला, जड कळतं साबणाला. खारं पण फारसं जड नाही असं पाणी असू शकतं. चवीला गोडं पण चांगलंच जड, असंही असतं. आपल्याकडच्या कित्येक बोअरना दोन्ही दुखणी आहेत, पण त्यांचे उपाय वेगवेगळे.

२. नळाचं पाणी गोडं आणि अंगणातल्या बोअरचं खारं, अंतर वीस फूट. असं कसं?

अंतर वीस फूट दिसतं, पण नळाचं पाणी सातपुड्यातून आलेलं असतं. दर्यापूर-अंजनगावकडे शहानूर धरणाचं, अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणाचं. डोंगरावर पडलेला पाऊस धरणात साठतो आणि जमिनीत फार न मुरता पाइपाने गावात येतो, म्हणून तो हलका राहतो. बोअरचं पाणी मात्र पूर्णेच्या गाळातलं. पूर्णा पुढे तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांना शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. त्यात चिकणमाती भरपूर आणि निचरा कमी. पाणी तिथे वर्षानुवर्षं मुरत राहतं आणि क्षार ओढून घेतं.

३. बोअर अजून शंभर फूट खाली नेली तर गोडं लागेल का?

या पट्ट्यात खोल गेलं म्हणजे गोडं लागेल याची खात्री नाही, उलट जास्त खारं लागल्याचीही उदाहरणं आहेत. पैसे घालण्याआधी शेजारच्या खोल बोअरचं पाणी तपासून बघा (प्रश्न १४).

४. किती जडपणा चालतो? आमच्या अहवालात ४२० आलाय.

भारतीय मानक १०५००, २०१२ सालचं, दोन आकडे देतं. एकूण जडपणा २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. टीडीएससाठी (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) हे दोन आकडे ५०० आणि २०००. अहवालावर दोन्ही रकाने छापलेले असतात. लोक दुसरा रकाना बघतात आणि 'पास' म्हणून कागद घडी करून ठेवतात. पण दुसरा रकाना 'नाइलाज असेल तर' यासाठी आहे. घरात धरणाचं पाणी येत असताना ४२० चं बोअर पिण्यात अर्थ नाही. धुण्या-पुसण्याला खुशाल वापरा.

नायट्रेटला (४५) आणि सामूला, म्हणजे पीएचला (६.५ ते ८.५) मात्र सवलतीचा रकानाच नाही. अहवाल हातात आला की आधी तिथे बघा.

५. अहवालात जडपणा नाही, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगवेगळं दिलंय. कसं काढू?

कॅल्शियमला २.५ ने गुणा, मॅग्नेशियमला ४.१ ने, आणि बेरीज करा. कॅल्शियम ८० आणि मॅग्नेशियम ६० असेल तर २०० अधिक २४६, म्हणजे जडपणा ४४६. मॅग्नेशियमचा आकडा लहान दिसला तरी त्याचा वाटा मोठा असतो.

६. मुलाने ऑनलाइन टीडीएस मीटर मागवला. नळाचं पाणी १८० दाखवतो. म्हणजे शुद्ध ना?

मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. त्याला जंतू दिसत नाहीत. गटाराचा थोडा शिरकाव झालेलं पाणीही १८० च्या आसपास दाखवू शकतं, आणि त्याने अख्ख्या गल्लीला हगवण लागू शकते. १८० म्हणजे विरघळलेले क्षार कमी आहेत, एवढंच. मीटर कॅल्शियम आणि सोडियम यांत फरकही करत नाही, त्यामुळे त्यावरून जडपणा ठरत नाही. दीडशे-दोनशे रुपयांच्या वस्तूकडून जास्त अपेक्षा नको. बोअरचं पाणी उन्हाळ्यात किती बदललं हे बघायला तो उपयोगी आहे, माझ्याकडेही आहे.

७. एक माणूस दारावर आला. त्याने आमच्या पाण्यात कांड्या घालून करंट दिला, तर पाणी काळं-हिरवं झालं. मशीनच्या पाण्याला काहीच झालं नाही. इतकी घाण पितोय आम्ही?

ती घाण तुमच्या पाण्यातली नव्हती, त्याच्या कांडीतली होती. त्या यंत्रात लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या कांड्या असतात. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, तेव्हा लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा हिरवट, काळा, तपकिरी साका तयार होतो. त्याच्या आरओ मशीनच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि पाणी स्वच्छ राहतं.

पुढच्या वेळी तो आला की त्याच्याच 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता कर. तेही काळं होईल. आमच्या गल्लीत एका काकूंनी हा प्रयोग केला. त्याने पिशवी आवरली, चहासुद्धा घेतला नाही.

८. जड पाण्याने मुतखडा होतो का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. जड पाण्यामुळेच मुतखडा होतो असा ठोस पुरावा नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्याच्या कारणावरून जडपणाची मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम शरीराला लागतातच. मुतखड्याचं मोठं कारण आहे कमी पाणी पिणं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात दिवसभर शेतात किंवा दुकानात घाम गाळायचा आणि पाणी मचूळ लागतं म्हणून दोन घोटांवर भागवायचं, हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

खारेपणाचं वेगळं आहे. त्यात सोडियम असतं. ज्यांना रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी खारं पाणी पिऊ नये, आणि अहवाल डॉक्टरांना दाखवावा. मीठ कमी करायला सांगितलेला माणूस ताटात मोजून मीठ घेतो आणि पेल्यातलं विसरतो.

९. तीन-चार शिट्ट्या करूनही तुरीची डाळ शिजत नाही. पाण्याचा दोष की डाळीचा?

दोन्हींचा असू शकतो. डाळीच्या दाण्यातल्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं पेक्टिन असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला धरून आणखी घट्ट करतं. मग दाणा आतून मऊ झाला तरी फुटत नाही, वरण वेगळं आणि पाणी वेगळं राहतं. डाळ जुनी असेल तर आणखी अवघड.

सोपा उपाय: डाळ भिजवायला आणि शिजवायला नळाचं पाणी घ्या. दोन्हींना, कारण भिजवतानाच डाळ कॅल्शियम ओढून घेते. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावर घाला. आंबट आधी पडलं की जड पाण्यावाचूनही डाळ अडून बसते. चिमूटभर खायचा सोडा घातला तर डाळ लगेच गळते, आजीचा तो उपाय खरा आहे. पण सोड्याने ब-१ जीवनसत्त्व कमी होतं आणि सोडियम वाढतं. पाहुणे दारात असतील तेव्हा घाला, रोज नको.

चहाचंही तसंच. बोअरच्या पाण्याचा कोरा चहा गढूळ होतो आणि वर साय आल्यासारखा तवंग धरतो.

१०. पाणी उकळलं की जडपणा जातो का? आमच्या पातेल्यात पांढरं बसतं.

थोडा जातो. जो तळाशी बसला, तोच गेला. बायकार्बोनेटच्या रूपातला कॅल्शियम उकळल्यावर चुनखडी होऊन खाली बसतो. त्याला तात्पुरता जडपणा म्हणतात. क्लोराइड आणि सल्फेटच्या रूपातला तसाच राहतो. खारेपणा तर उकळून अजिबात जात नाही. पाणी आटेल तसा तो वाढतो, नायट्रेटही वाढतं. ते पांढरं पोटात गेलं तर अपाय नाही, वरचं निवळ ओतून घ्या.

जंतूंसाठी मात्र उकळण्यासारखा घरगुती उपाय नाही. खदखदून उकळी फुटली की एक मिनिट ठेवा आणि त्याच भांड्यात झाकून गार करा.

११. तुरटी फिरवली तर? तांब्याच्या भांड्यात ठेवलं तर?

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा तसाच राहतो. पूर्वी निवळीच्या बिया उगाळायचे, त्यांचं कामही हेच. तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू काही प्रमाणात मरतात, क्षारांवर परिणाम शून्य. पाइपवर बसवायच्या लोहचुंबकाबद्दलही विचारतात. त्याच्या आधीचं आणि नंतरचं पाणी तपासा, जडपणाचा आकडा तोच येतो.

१२. नळाचं पाणी कधी दुधासारखं, कधी पिवळं येतं. कशाने?

पेला भरून दोन मिनिटं थांबा. दुधासारखं पाणी खालून वर निवळत गेलं तर ती हवा आहे, पाइपात अडकलेली. काळजी नको. वरून खाली निवळलं आणि तळाला पांढरं बसलं तर गाळ किंवा चुना. सुरुवातीलाच पिवळं-तांबूस येऊन नंतर साफ होत असेल तर जुन्या लोखंडी पाइपाचा गंज. बोअरचं पाणी येताना स्वच्छ आणि बादलीत तासाभराने पिवळं होत असेल तर जमिनीतलं लोह आहे, हवा लागली की ते रंग दाखवतं. गढूळ आणि वास मारणारं पाणी आलं तर पेल्याचे प्रयोग करत बसू नका. पिणं थांबवा, शेजाऱ्यांना सांगा, पाणीपुरवठ्याकडे तक्रार द्या.

१३. नळ आला की पहिल्या दोन बादल्या सोडून द्याव्यात म्हणतात. इथे चार दिवसांनी पाणी येतं, तेही सांडायचं?

सांडू नका, वेगळं ठेवा आणि फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. पण पिऊ नका. पुरवठा बंद असतो तेव्हा पाइप रिकामा असतो आणि त्यात उलटी ओढ तयार होते. ज्या ठिकाणी सांधा सैल आहे आणि शेजारून नाली वाहते, तिथून घाण आत येते. वॉल्व्ह उघडला की तीच आधी तुमच्या माठात. २४ तास पाणी असलेल्या शहरात हा धोका कमी असतो, आड दिवसाने किंवा चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात जास्त.

आता कुणाला न आवडणारं बोलते. थेट नळाला टिल्लू पंप लावला की ही ओढ कित्येक पट वाढते. आपण शेजाऱ्याचं पाणी ओढतो तसं नालीचंही ओढतो. गल्लीत कावीळ किंवा हगवण पसरली की सगळे धरणाला नावं ठेवतात, पंप मात्र कुणी काढत नाही.

१४. पाणी कुठे तपासून मिळेल? नमुना कसा न्यायचा?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांत खासगी नमुनेही ठरलेल्या शुल्कात तपासून मिळतात. रासायनिक तपासणीसाठी एक-दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. बोअर असेल तर आधी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, पाइपात तुंबलेलं पाणी नेऊ नका.

जंतूंच्या तपासणीसाठी घरची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणा, आत बोट लावू नका, भरल्यावर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीतला दोन दिवसांचा नमुना घेऊन येणारे बरेच भेटतात. त्याचा अहवाल बाटलीचा असतो, पाण्याचा नाही.

बोअर वर्षातून दोनदा तपासावी, मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर. दोन्ही आकडे खूप वेगळे येऊ शकतात.

१५. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. पिऊ का?

खुशाल प्या. तो क्लोरीनचा वास. शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं. ते तपासायला पाणीपुरवठ्याची माणसं ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे) थेंब टाकून पिवळा रंग बघतात. मला काळजी वाटते ती पावसाळ्यात वास अजिबात न येणाऱ्या पाण्याची. माठात उघडं ठेवलं की वास तासा-दोन तासांत कमी होतो.

घरच्या टाकीत टाकायचं असेल तर १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. भुकटी थेट टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. उघड्या पिशवीतली जुनी पावडर निकामी झालेली असते. क्लोरीनचा जडपणाशी संबंध नाही.

१६. आरओ घ्यावा का?

कोणत्या पाण्यासाठी, ते आधी सांगा. फक्त नळाचं पाणी पीत असाल तर आरओ नको. गाळणी आणि उकळणं, किंवा साधं यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं) यंत्र पुरतं. राष्ट्रीय हरित लवादानेही मे २०१९ मध्ये सांगितलं होतं की टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी आणावी. बोअरचंच पाणी प्यावं लागत असेल आणि खारेपणा, नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल, तर आरओच लागेल.

लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर पडतं, ते आधीपेक्षा खारं असतं. संडासात आणि फरशीला चालेल, कुंड्यांना घालू नका. आणि 'टीडीएस ३० वर आणून देतो' म्हणणाऱ्याला तसं करू देऊ नका, त्या पाण्याला चव राहत नाही.

थंड पाण्याचे जार हा वेगळा विषय. सील नसलेल्या जारमधलं पाणी फक्त थंड असतं. ते कुठल्या बोअरचं आणि जार शेवटचा कधी घासला, हे विचारायला लाजू नका.

१७. सॉफ्टनर बसवला तर खारेपणा जाईल?

नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो. १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की लिटरमागे साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. ५०० चा जडपणा पूर्ण काढला तर २३०. म्हणून आंघोळ, कपडे, गिझर यांना ठीक, प्यायला नको. ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांना तर मुळीच नको.

विकणारा सांगत नाही अशी आणखी एक गोष्ट. यंत्राला मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. ते धुवण बागेत किंवा शोषखड्ड्यात सोडलं तर काळी जमीन चोपण होते, वाळली की दगड आणि भिजली की चिखल. फक्त कपड्यांसाठी हवं असेल तर बादलीत धुण्याचा सोडा टाकून थोडं थांबा, मग साबण घाला. एवढ्याने काम भागतं.

१८. गिझर, सोलर आणि शॉवरवरचा थर कसा काढायचा?

लिंबूसत. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे, त्यात शॉवरची जाळी किंवा पाणी तापवायची कांडी (प्लग काढून, फक्त धातूचा भाग) तासभर बुडवा. फसफसलं की समजा, चुना सुटतोय. गिझरचं तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवा, पाणी जितकं कडक तितका थर जास्त. सोलरच्या नळ्यांत थर बसला की पाणी तापणं हळूहळू कमी होतं, आणि लोक ढगांना दोष देतात.

दोन इशारे. लिंबूसत, व्हिनेगर किंवा ॲसिड कडप्प्यावर आणि शहाबादी फरशीवर सांडू नका. ते दगड चुनखडीचेच आहेत, थराबरोबर ओटाही खाल्ला जाईल. आणि कोणतंही ॲसिड टीसीएलजवळ नेऊ नका, विषारी वायू तयार होतो. संडास धुताना दोन्ही एकदम ओतल्याने माणसं दवाखान्यात गेली आहेत.

१९. कूलरच्या ताट्या एकाच उन्हाळ्यात दगड होतात.

बोअरचं पाणी वापरता ना? कूलरमध्ये पाणी उडतं, क्षार मागे राहतात. आपण वरून ओतत राहतो आणि टाकीतलं पाणी दिवसागणिक जास्त खारं होत जातं. दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, नुसती भर घालू नका. पत्राही कमी सडेल.

२०. नळ आणि बोअर एकाच टाकीत सोडलं तर जडपणा कमी होतो ना?

गणिताने हो. निम्मं १५० चं आणि निम्मं ४५० चं, मिळून ३००. पण बोअरला नायट्रेट किंवा जंतू असतील तर तेही मिसळतात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पातळ होतं. प्यायचा नळ टाकीआधीच वेगळा काढून घ्या. प्लंबरला सांगितलं तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

२१. तान्ह्या बाळाला बोअरचं पाणी उकळून देतो. चालेल?

सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधावरच्या बाळाला वरून पाणी लागतच नाही. डब्याचं दूध असेल तर नायट्रेटचा आकडा कळल्याशिवाय बोअरचं पाणी वापरू नका. नायट्रेट खतांतून आणि संडासच्या खड्ड्यांतून बोअरमध्ये येतं, त्याला रंग, वास, चव काहीच नसतं. लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती त्याने घटते. उकळण्याचं प्रश्न १० मध्ये सांगितलंच आहे: नायट्रेट कमी होत नाही, वाढतं. नळाचं पाणी उकळून वापरा.

२२. घराचं बांधकाम बोअरच्या पाण्यावर करू का?

आधी क्लोराइड तपासा. भारतीय मानक ४५६ प्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटसाठी ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा आहे, सळई नसलेल्यासाठी २०००. मर्यादेबाहेरचं पाणी वापरलं तर सळई आतून गंजते, स्लॅबचे पोपडे पडतात. खाऱ्या पाण्याने भिंतींना लोणाही लागतो. टँकरचा खर्च तेव्हा जड वाटतो, स्लॅबच्या दुरुस्तीइतका नसतो.

२३. पावसाचं पाणी साठवून पिता येईल का? आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालेल?

आपल्याकडे पावसाइतकं हलकं पाणी दुसरं नाही. पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून द्या, कारण त्यात उन्हाळाभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. मग कापडातून गाळून झाकलेल्या टाकीत घ्या आणि उकळून प्या. डाळ तर अशी शिजते की पाहत राहाल. बॅटरीत मात्र पावसाचं नको आणि आरओचंही नको. दुकानातलं डिस्टिल्ड पाणीच घाला.